मान्सूनचा अंदाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना अर्धा सरला की कोकणातल्या बंदरापासून मराठवाड्यातल्या पारापर्यंत एकाच गोष्टीची चौकशी सुरू होते: यंदा पाऊस कसा आहे, केव्हा येणार, आणि सांगणाऱ्यांवर विश्वास किती ठेवायचा? शेतकरी गटांच्या बैठकांमध्ये आणि शाळांमध्ये हवामानाविषयी बोलताना हेच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. पावसाशी असलेले माणसाचे नाते समुद्रप्रवासाने, उपकरणांनी आणि गणिताने कसे पालटत गेले, हे कळल्याशिवाय आजचा अंदाज नीट वाचता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. त्यामुळे काही उत्तरे मुद्दाम मागून, इतिहासापासून सुरू केली आहेत.

'मान्सून' हा शब्द कुठून आला?

अरबी भाषेत 'मौसिम' म्हणजे ठरावीक काळ, ऋतू. खलाशांच्या तोंडी हा शब्द पावसासाठी नव्हता, तो वाऱ्यासाठी होता. अरबी समुद्रावर जून ते सप्टेंबर या काळात वारा नैर्ऋत्येकडून वाहतो आणि हिवाळ्यात तो उलटून ईशान्येकडून वाहू लागतो. शिडाच्या जहाजाला हे उलटणे म्हणजे जाण्याचे आणि परतण्याचे वेळापत्रकच होते. ग्रीक लेखकांनी या वाऱ्याच्या 'शोधा'चे श्रेय हिप्पालस नावाच्या नाविकाला दिले असले, तरी अरब आणि भारतीय नाविकांना तो आधीपासून ठाऊक होता. सोपारा आणि कल्याण या आपल्या बंदरांची भरभराट याच वाऱ्याच्या भरवशावर झाली.

वाऱ्याचे हे ज्ञान किती मोलाचे होते, याचा एक बोलका दाखला १४९८ सालचा आहे. वास्को द गामा एप्रिलच्या अखेरीस आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मालिंदीहून जाणकार वाटाड्या घेऊन निघाला आणि चार आठवड्यांच्या आत कालिकतजवळ पोहोचला. परत जाताना मात्र त्याने ऋतू जुमानला नाही. गोव्याच्या दक्षिण टोकाजवळील अंजदीव बेटावरून तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघाला, तेव्हा ईशान्येचा वारा अजून बसलेला नव्हता. तोच समुद्र ओलांडायला त्याला सुमारे तीन महिने लागले आणि त्याचे कितीतरी खलाशी स्कर्व्हीने वाटेतच मेले.

आपल्या पूर्वजांनी पाऊस मोजला होता का?

होय, मोजला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पर्जन्यमापनाचा स्पष्ट उल्लेख आहे आणि प्रदेशानुसार पावसाचे प्रमाण 'द्रोण' या मापात दिले आहे. अवंती म्हणजे माळव्यासाठी तेथे २३ द्रोण हा आकडा आहे. अपरांतासाठी, म्हणजे आपल्या कोकणासाठी, आकडाच नाही. तेथे 'अमित' असा शब्द आहे. भांडे भरून वाहिले आणि मोजणाऱ्याने हात टेकले, असे चित्र ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर उभे राहते. मोजण्यामागचा हेतू पेरणीचे नियोजन आणि महसूल हाच होता, आणि तो आजही फारसा बदललेला नाही.

नक्षत्रांवरून आणि वाहनांवरून सांगितलेला पाऊस खरा मानावा का?

या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते, कारण नक्षत्र आणि वाहन या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

नक्षत्रे हे पावसाळ्याचे कॅलेंडर आहे. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. ७ किंवा ८ जूनला तो मृगात शिरतो आणि पुढे आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त असा क्रम चालतो. ज्या काळात घरोघरी छापील दिनदर्शिका नव्हती, त्या काळात पंधरवड्याच्या नेमक्या मापाने पेरणी, कोळपणी आणि काढणी बांधून ठेवणारी ही व्यवस्था अतिशय उपयुक्त होती. हस्ताचा पाऊस रब्बीला ओल देतो, हे शेकडो वर्षांच्या निरीक्षणाचे सार आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे.

मात्र या कॅलेंडरला एक सूक्ष्म गळती आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा संथपणे डुलतो आणि त्यामुळे सूर्य एखाद्या नक्षत्रात शिरण्याची तारीख ऋतुचक्राच्या तुलनेत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या काळापासून हे अंतर जवळजवळ तीन आठवड्यांचे झाले आहे. जुन्या ग्रंथातले वचन आजच्या मृगाला जसेच्या तसे लावता येत नाही, ते यामुळेच.

वाहनाचे तसे नाही. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, आलेल्या संख्येला नऊने भागायचे आणि बाकीवरून बेडूक, म्हैस, हत्ती, कोल्हा, मोर असे वाहन ठरवायचे, अशी ती रीत आहे. या भागाकारात हवेचा दाब, समुद्राचे तापमान किंवा वारा यांपैकी काहीच येत नाही. ज्या आजोबांनी मला पंचांग वाचायला शिकवले, त्यांनीही वाहन बेडूक आहे म्हणून कधी पेरणी केली नाही. ते ढेकूळ हातात घेऊन दाबून पाहत आणि मगच तिफण बाहेर काढत. पावशाची 'पेरते व्हा' ही हाक, मुंग्यांची लगबग, वाऱ्याची दिशा ही निरीक्षणे त्या-त्या दिवसापुरती आणि त्या-त्या गावापुरती कामाची असतात. चार महिन्यांचा पाऊस त्यांवरून सांगता येत नाही.

वारे असे का उलटतात, हे प्रथम कोणी सांगितले?

धूमकेतूमुळे सर्वांना ठाऊक असलेल्या एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये खलाशांच्या नोंदी एकत्र करून समुद्रावरील वाऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध केला आणि जमीन व पाणी कमी-अधिक तापल्यामुळे वारे वाहतात, अशी मांडणी केली. १७३५ मध्ये जॉर्ज हॅडली यांनी त्यात पृथ्वीच्या परिवलनाची भर घातली. आज यापेक्षा बरेच तपशील ठाऊक झाले आहेत, पण उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून बाष्पाने भरलेला वारा ओढला जातो, हा गाभा तोच राहिला आहे.

भारतात हवामान खाते का सुरू झाले?

मृत्यूंमुळे. १८६४ मध्ये कलकत्त्याला भीषण चक्रीवादळ बसले, १८६६ मध्ये ओरिसात दुष्काळ पडला आणि त्यानंतर, १८७५ मध्ये, भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना झाली. वेधशाळा त्याआधीही होत्या. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ ची आहे. पण त्या सुट्या सुट्या चालत होत्या आणि देशभराच्या नोंदी एका टेबलावर येत नव्हत्या. लगेचच १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ आला, ज्याने दख्खनची गावेच्या गावे ओस पाडली, आणि पाऊस आधी सांगता येईल का, या प्रश्नाला सरकारदरबारी महत्त्व आले.

खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयात बर्फ जास्त पडले की पुढचा पाऊस कमी पडतो, असा संबंध मांडला आणि १८८६ पासून हंगामी अंदाज नियमितपणे देण्यास सुरुवात झाली. त्यांच्यानंतरचे जॉन एलियट यांनी १८९९ साली सरासरीहून अधिक पावसाचा अंदाज दिला आणि त्याच वर्षी शतकातला एक भयंकर दुष्काळ पडला. पुढे काही वर्षे अंदाज जाहीर न करता गोपनीय ठेवले गेले. माझ्या मते चुकलेल्या अंदाजाइतकेच हे लपवणेही वाईट होते.

पुणेकरांसाठी एक जोड: १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक आजही 'सिमला ऑफिस'च म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, नाव मात्र चौकाला चिकटून राहिले.

अल निनो आला म्हणजे दुष्काळ नक्की का?

नक्की नाही, पण प्रशांत महासागराचे पाणी असे तापले (यालाच अल निनो म्हणतात) की धोका वाढतो हे निश्चित. १९०४ मध्ये खात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणिती होते आणि हवामानशास्त्राची पार्श्वभूमी त्यांना नव्हती. भारताच्या पावसाचे कारण भारतातच असेल, असे गृहीत न धरता त्यांनी जगभरच्या केंद्रांवरील दाब, तापमान आणि पावसाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्याचे प्रचंड काम हाती घेतले. ही आकडेमोड कारकुनांकडून हाताने करून घेतली जात होती. त्यातून त्यांना दिसले की प्रशांत महासागराच्या एका बाजूला हवेचा दाब वाढतो तेव्हा दुसऱ्या बाजूला, हिंदी महासागराकडे, तो घटतो आणि काही काळाने उलट होते. या झुल्याला त्यांनी 'दक्षिणी आंदोलन' असे नाव दिले. पेरू देशाच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार ज्याला अल निनो म्हणत, ते तापलेले पाणी आणि वॉकर यांचा हा झुला ही एकाच घटनेची दोन अंगे आहेत, हे १९६९ च्या सुमारास स्पष्ट झाले. विदर्भातल्या कोरडवाहू कापसाचे भवितव्य पेरूच्या समुद्राशी बांधलेले आहे, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

१९७२, २००२ आणि २००९ ही अल निनोची वर्षे होती आणि तिन्ही वेळा देशात पाऊस कमी पडला. २००९ मध्ये तो सरासरीच्या ७८ टक्केच झाला. उलट १९९७ चा अल निनो विसाव्या शतकातील सर्वांत प्रबळ अल निनोंपैकी एक असूनही पाऊस १०२ टक्के पडला. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग अधिक तापलेला आणि पूर्व भाग थंड होता. या स्थितीला हिंदी महासागरीय द्विध्रुव म्हणतात आणि तिची ओळख १९९९ मध्ये पटली. २०२३ मध्ये अल निनो होता, हंगामाची बेरीज ९४ टक्के झाली, पण ऑगस्ट हा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीनच्या शेंगा भरण्याच्या वेळी पडलेला तो खंड बेरजेत दिसत नाही.

आज अंदाज प्रत्यक्षात कसा तयार होतो?

रोज पहाटे ५.३० आणि सायंकाळी ५.३० च्या सुमारास, जगभर एकाच वेळी, शेकडो ठिकाणांहून हायड्रोजन किंवा हेलियमचे फुगे आकाशात सोडले जातात. त्यांच्याखाली लोंबणारे छोटे उपकरण तापमान, आर्द्रता आणि दाब कळवत तीसेक किलोमीटर उंचीपर्यंत जाते. मग फुगा फुटतो आणि उपकरण खाली येते. समुद्रात आर्गो नावाचे सुमारे चार हजार तरंगते मापक आहेत. प्रत्येक मापक २,००० मीटर खोल बुडी मारून दर दहा दिवसांनी वर येतो आणि पाण्याचे तापमान व क्षारता उपग्रहामार्फत पाठवतो. ३६,००० किलोमीटर उंचीवरून इन्सॅट मालिकेतील उपग्रह ढगांची चित्रे देतात. या मालिकेतील इन्सॅट-३डीएस हा उपग्रह फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडण्यात आला. किनाऱ्यावर आणि शहरांजवळ डॉप्लर रडार ढगातल्या थेंबांची हालचाल टिपतात. ही सारी माहिती महासंगणकावर एकत्र येते आणि हवेच्या गतीची समीकरणे सोडवून पुढील स्थिती काढली जाते.

त्यासाठी पृथ्वीवर एक कल्पित जाळी टाकली जाते. जाळीचा चौकोन जितका लहान, तितका स्थानिक तपशील अधिक. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेली आणि मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' ही प्रणाली ६ किलोमीटरच्या जाळीवर चालते. आधीची जाळी १२ किलोमीटरची होती.

समुद्रावर जाऊन मोजण्याचा आग्रह यामागे आहे, हे विसरता कामा नये. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांच्या जहाजांनी मिळून हिंदी महासागर मोहीम केली, कारण तोवर हा महासागर जगातला सर्वांत कमी अभ्यासलेला महासागर होता. त्या मोहिमेतूनच १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय आज गोव्यात दोना पावला येथे आहे.

'सरासरीच्या ९६ टक्के पाऊस' याचा माझ्या शेतासाठी अर्थ काय?

थेट अर्थ जवळजवळ काहीच नाही, आणि हे स्पष्टपणे सांगितले जात नाही याची मला खंत वाटते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत संपूर्ण देशावर पडणाऱ्या पावसाची दीर्घकालीन सरासरी, १९७१ ते २०२० या वर्षांवरून काढलेली, ८७ सेंटीमीटर आहे. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला की तो 'सामान्य', ९० टक्क्यांखाली गेला की 'अपुरा'. या एका आकड्यात चेरापुंजी आहे आणि जैसलमेरही आहे. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला आले की तो त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी होतो. एका तालुक्याच्या अंतरात असा फरक पडत असेल, तर देशाच्या टक्केवारीवरून बियाण्याची पिशवी फोडू नये.

हंगामी अंदाज धोरण, धरणे, वीज आणि धान्यसाठा यांच्या नियोजनासाठी असतो. शेतासाठी पाहायचा तो पाच दिवसांचा जिल्हानिहाय अंदाज आणि दोन ते चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज.

मग अंदाज का चुकतो, उपग्रह असूनही?

यामागची दोन कारणे वेगळी ठेवून पाहावीत.

पहिले कारण हवेच्या स्वभावात आहे. अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी संगणकावर एक गणित पुन्हा चालवताना ०.५०६१२७ या आकड्याऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला. थोड्याच वेळात दोन्ही गणितांतले हवामान एकमेकांशी काडीचेही जुळेना. १९६३ मध्ये त्यांनी यावरून जे मांडले, त्याचा व्यावहारिक अर्थ असा की सुरुवातीची अगदी किरकोळ चूकही वाढत जाते, आणि अमुक दिवशी अमुक गावी पाऊस पडेल असे सुमारे दोन आठवड्यांपलीकडे सांगता येत नाही. पंधरा ऑगस्टला तुमच्या गावात किती मिलिमीटर पाऊस पडेल, हे जूनमध्ये सांगणाऱ्या कोणावरही विश्वास ठेवू नका, मग तो संदेश कितीही लोकांनी पुढे पाठवलेला असो. हंगामाचा ढोबळ कल मात्र आधी सांगता येतो, कारण समुद्राचे तापमान हवेपेक्षा खूप सावकाश बदलते.

दुसरे कारण आपल्या पद्धतींच्या मर्यादांमध्ये आहे. शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये हंगामी अंदाजाचे सोळा घटकांवर आधारलेले प्रारूप (मॉडेल) वापरात आले. मराठी माणसाला अभिमान वाटावा असे ते काम होते आणि अनेक वर्षे त्याचे अंदाज योग्य ठरले. २००२ मध्ये मात्र सामान्य पावसाचा अंदाज असताना जुलैत देशभरात निम्माच पाऊस पडला आणि हंगाम १९ टक्के तुटीत गेला. जुन्या वर्षांमध्ये आढळलेले संबंध कायम टिकतीलच असे नाही, हा त्यातला धडा होता. पुढच्या वर्षापासून प्रारूप बदलले गेले आणि कालांतराने भर समीकरणे सोडवणाऱ्या संगणकीय प्रारूपांकडे वळला.

२६ जुलै २००५ हा दिवस तर मुंबईकर विसरूच शकत नाहीत. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात सुमारे ७४. त्या वेळी मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. आता कुलाब्याला आणि वेरावलीला अशी दोन आहेत. तरीही एवढ्या लहान पट्ट्यात कोसळणारा पाऊस एक-दोन दिवस आधी नेमक्या उपनगरावर बोट ठेवून सांगणे आजही अवघड आहे. काही तास आधीचा इशारा ही खरी सुधारणा आहे आणि जीव वाचतात ते त्या काही तासांतच.

मान्सून 'दाखल झाला' हे कोण आणि कशावरून ठरवते?

हवामान विभाग ठरवतो आणि त्याला निश्चित निकष आहेत. १० मेनंतर केरळ, लक्षद्वीप आणि मंगळूर येथील ठरवलेल्या १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला पाहिजे. शिवाय पश्चिमेकडील वाऱ्यांची खोली, त्यांचा वेग आणि ढगांचे आच्छादन या अटीही पूर्ण व्हाव्या लागतात. केरळची सर्वसाधारण तारीख १ जून, मुंबईची ११ जून. २०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला, जी मुंबईसाठी नोंदींमधली सर्वांत लवकरची तारीख आहे. लवकर आलेला मान्सून जास्त पाऊस देतोच, असा मात्र संबंध नाही.

यलो, ऑरेंज आणि रेड अलर्ट म्हणजे पावसाचे प्रमाण का?

नाही. रंग पावसाचे प्रमाण सांगत नाहीत, ते तुम्ही काय करायचे ते सांगतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. पावसाचे प्रमाण वेगळ्या शब्दांत असते: २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार', ११५.६ पासून 'अतिजोरदार' आणि २०४.५ पासून 'अत्यंत जोरदार'.

बातमीत दुर्लक्षित राहणारा तिसरा शब्दसमूह मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातील एक चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर पाऊस, 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे तीन चतुर्थांशापर्यंत आणि त्यापुढे 'बहुतांश ठिकाणी'. 'तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस' असा अंदाज असताना तुमच्याकडे ऊन पडले, तर तो अंदाज खोटा ठरत नाही. चारांपैकी तीन जागी जोरदार पाऊस नसेल, हेच त्यात सांगितलेले होते.

प्रत्येक मोठा पाऊस म्हणजे ढगफुटी का?

नाही. साधारण २० ते ३० चौरस किलोमीटर क्षेत्रावर तासाभरात १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला, तर त्याला ढगफुटी म्हणतात.

कृत्रिम पावसाने दुष्काळ हटवता येईल का?

ढग नसतील तर मुळीच नाही. या तंत्रात ढग तयार केला जात नाही. असलेल्या योग्य ढगात मिठासारख्या क्षारांचे किंवा सिल्व्हर आयोडाइडचे कण सोडून थेंब मोठे होण्यास मदत केली जाते. पुण्याच्या त्याच उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने बारामती परिसरात सत्तर-ऐंशीच्या दशकांत आणि सोलापूर परिसरात २०१७ ते २०१९ या काळात असे प्रयोग केले. सोलापूरच्या प्रयोगात वाऱ्याच्या दिशेने पुढील भागात सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास वाढ आढळली. ही वाढ चांगल्या वर्षी धरणात साठवण्यासाठी उपयोगी पडू शकते. दुष्काळी वर्षी, आकाश निरभ्र असताना, विमान उडवणे हा पैशाचा अपव्यय आहे आणि लोकांना खोटी आशा लावणेही आहे.

पावसाची पद्धत खरोखर बदलली आहे का, की आपल्याला तसे वाटते?

बदलली आहे. तापलेली हवा दर अंशामागे सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि अरबी समुद्र तापत आहे. १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मान्सूनचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला आणि ही घट गंगेच्या खोऱ्यात व पश्चिम घाटात ठळक होती. त्याच काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढल्या. म्हणजे मधल्या उघडिपी लांबल्या आणि पडतो तेव्हा तो एकदम पडतो. आमच्या लहानपणी आठवडाभर चालणारी झड जमिनीत मुरत असे. दोन तासांत पडलेला तेवढाच पाऊस बांध फोडून माती घेऊन ओढ्याला जातो. पर्जन्यमापकाला दोन्ही सारखेच, विहिरीला मात्र नाही.

पेरणी कधी करावी?

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, जमिनीत पुरेशी ओल गेल्यावर आणि वापसा आल्यावर, म्हणजे चिखल ओसरून माती मोकळी झाल्यावर, हा कृषी विभागाचा सल्ला योग्य आहे. मान्सून दाखल झाल्याची बातमी पेरणीचा मुहूर्त नसते. वळवाच्या एका जोरदार सरीवर केलेली पेरणी पुढच्या पंधरा दिवसांच्या खंडात जळते आणि दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणावे लागते. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी, अर्थात एका एकरावर सुमारे ४,००० लिटर. हे गणित डोक्यात असले की 'बरा पाऊस झाला' या शब्दांना आकडा मिळतो.

आमच्या शेतात ओढा भरून वाहिला, तरी मंडळात अतिवृष्टीची नोंद नाही. असे कसे?

मला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी हा सर्वांत दुखरा आहे. नुकसानभरपाईसाठी महसूल मंडळातील पावसाची नोंद पाहिली जाते आणि २४ तासांत ६५ मिलिमीटरचा उंबरठा त्यासाठी महत्त्वाचा असतो. महाराष्ट्रात मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, ही मोठी प्रगती आहे. पण एका मंडळात अनेक गावे येतात आणि पावसाळी ढगाची कड कधीकधी एका शिवाराच्या बांधावर संपते. समजा, केंद्रावर ५८ मिलिमीटर नोंदले गेले आणि पाच किलोमीटरवर तुमच्याकडे ९०, तर कागदावर तुमचा पाऊस पडलेलाच नसतो. ६ किलोमीटरच्या जाळीवर अंदाज करणारा देश नोंद मात्र त्याहून विरळ ठेवतो, ही विसंगती दूर झाली पाहिजे. प्रत्येक ग्रामपंचायतीत एक पर्जन्यमापक आणि तो रोज वाचणारी एक प्रशिक्षित व्यक्ती, ही मागणी शेतकऱ्यांनी सनदशीर मार्गाने आणि सातत्याने लावून धरावी.

मी स्वतः पाऊस मोजू शकतो का?

अवश्य, आणि शाळेतल्या मुलांनाही जमते. प्रमाणित पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याचे तोंड २०० चौरस सेंटीमीटर असते, त्यामुळे बाटलीत जमलेल्या दर २० मिलिलिटर पाण्याला १ मिलिमीटर पाऊस धरायचा. ते नसेल, तर सरळ उभ्या भिंतींचे, वर-खाली सारख्या रुंदीचे कोणतेही भांडे चालते. त्यात पट्टी उभी धरून पाण्याची उंची वाचली की तोच पाऊस. भांडे झाडापासून आणि भिंतीपासून दूर, उघड्यावर, जमिनीत थोडे रोवून ठेवावे, म्हणजे वाऱ्याने कलंडणार नाही. पत्र्याच्या पन्हाळीखाली तर ते कधीच ठेवू नये.

मोजायची वेळ सकाळी ८.३०, कारण देशभर पावसाचा दिवस या वेळेला संपतो. पट्टी वाचताना डोळा पाण्याच्या पातळीत आणावा, आकडा लगेच वहीत उतरवावा, भांडे पूर्ण रिकामे करून जागेवर ठेवावे. पाऊस पडला नाही त्या दिवशी ०.० लिहावे. मोजायचे राहून गेले तर तो रकाना कोरा सोडावा आणि शेजारी तसे नमूद करावे. अंदाजाने आकडा भरू नये.